पेला, पत्ते आणि आतला आवाज

रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास घरगुती पार्टीत कोणाच्या तरी पर्समधून टॅरोचा डेक निघतो. मुंबई-पुण्यात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. चखणा संपत आलेला असतो, ग्लास अर्धे असतात आणि ‘माझंही बघ ना’ म्हणत एकेक जण पुढे सरकतो. पत्ते वाचणारीनेही दोन ग्लास घेतलेले असतात. त्या रात्रीचं रीडिंग फार अचूक झालं असं सगळ्यांनाच वाटतं, वाचणारीला तर सगळ्यात जास्त. या अनुभवावरून टॅरो वाचणाऱ्यांमध्ये दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, थोडी घेतली की डोक्यातली वटवट थांबते आणि आतला आवाज ऐकू येतो. दुसरा म्हणतो, घेतलेली असताना डेकला हातही लावू नये. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलतात. म्हणूनच प्रयोगशाळेत काय दिसलं, जुन्या परंपरांनी काय ठरवलं आणि रोजच्या व्यवहारात काय घडतं, हे एकदा नीट लावून पाहायला हवं.

आधी पत्त्यांबद्दल थोडं. टॅरो इजिप्तच्या पुरोहितांकडून आला ही कथा आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये मांडली आणि ती अजून सांगितली जाते. खरं पाहता हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाले. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी रंगवलेले सोनेरी पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. भविष्यकथनासाठी पत्त्यांची पद्धतशीर मांडणी केली ती पॅरिसच्या एतेयाने, अठराव्या शतकाच्या शेवटी. आपल्याकडे मिळणारे बहुतेक डेक १९०९ मध्ये लंडनला निघालेल्या रायडर-वेट डेकवर बेतलेले असतात. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. पत्ते ७८. त्यांतले २२ मोठे, ५६ लहान, आणि लहानांच्या चार रंगांपैकी एक रंग चक्क पेल्यांचा.

पेला म्हणजे भावना, नाती, मनाची ओल, असं टॅरोत मानतात. तीन पेल्यांच्या पत्त्यावर तीन बायका पेले उंचावून नाचतात. सात पेल्यांवर ढगात तरंगणाऱ्या पेल्यांतून किल्ला, रत्नं, साप अशी दृश्यं वर येतात आणि समोरचा माणूस दिपून उभा राहतो. अ‍ॅलिस्टर क्रोली यांनी लेडी फ्रीडा हॅरिस यांच्याकडून १९३८ ते १९४३ या काळात रंगवून घेतलेल्या थॉथ डेकमध्ये याच पत्त्याला ‘डिबॉच’ म्हटलं आहे, म्हणजे भोगात वाहवत जाणं. मोठ्या पत्त्यांत चौदावा ‘टेम्परन्स’, संयमाचा. त्यावरचा देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतत असतो. वाइनमध्ये पाणी मिसळणारी बाई हे युरोपातलं संयमाचं जुनं चित्र, आणि हा पत्ता त्याच परंपरेतून आलेला आहे. त्याच्या पुढचा, पंधरावा पत्ता सैतानाचा. म्हणजे पिण्याचा प्रश्न टॅरोला बाहेरून येऊन चिकटलेला नाही, तो डेकमध्येच आहे.

माझी भूमिका आधीच सांगतो. पत्ते भविष्य सांगतात यावर माझा विश्वास नाही. पण समोर चित्र ठेवून दोन माणसं मनापासून बोलली, तर एरवी न निघणाऱ्या गोष्टी निघतात, हे खरं आहे. चांगलं रीडिंग म्हणजे असं बोलणं. तेव्हा इथे खरा प्रश्न असा आहे की या बोलण्यात वाचणाऱ्याची जी अंतःप्रेरणा कामाला लागते, तिला दारूने धार येते की ती बोथट होते.

अंतःप्रेरणेचा शास्त्रीय अभ्यास झाला तोही योगायोगाने पत्त्यांवरच. आयोवा विद्यापीठात आंत्वान बेशारा, अँटोनियो दमासियो आणि सहकाऱ्यांनी लोकांसमोर पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवले. दोन गठ्ठ्यांत मोठी बक्षिसं पण त्याहून मोठे दंड होते, दोनांत बक्षीस लहान पण शेवटी फायदा. लोक एकेक पत्ता उचलत होते आणि त्यांच्या तळहाताचा घाम मोजला जात होता. १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या या निबंधानुसार दहाएक पत्त्यांनंतरच वाईट गठ्ठ्याकडे हात नेताना घाम वाढू लागला. ‘यात काहीतरी गडबड आहे’ असं लोक म्हणू लागले ते पन्नासाव्या पत्त्याच्या आसपास, आणि कारण सांगता आलं ते ऐंशीच्या सुमाराला. डोक्याआधी शरीराला कळतं, असा अर्थ जगभर काढला गेला. २००४ मध्ये तियागो माया आणि जेम्स मॅक्लेलंड यांनी त्याला हरकत घेतली. जास्त नेमके प्रश्न विचारले तर लोकांना जाणीवपूर्वकही पुष्कळ आधी कळलेलं असतं, असं त्यांनी दाखवलं. वाद संपलेला नाही. पण दोन्ही बाजूंना मान्य असलेली एक गोष्ट आपल्याला उपयोगी आहे. हे ‘आतून कळणं’ आकाशातून पडत नाही. पत्ता उचलला, फटका बसला, पुन्हा उचलला, पुन्हा बसला, अशा शिकण्यातून ते येतं.

डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या निबंधात हेच पुढे नेलं. एकाला अंतःप्रेरणेबद्दल शंका, दुसऱ्याला तिचं कौतुक, तरी दोघांचं एका मुद्द्यावर जमलं. ज्या क्षेत्रात गोष्टी काही नियमाने घडतात आणि आपलं चुकलं की बरोबर आलं हे लवकर आणि स्पष्ट कळतं, तिथलीच अंतःप्रेरणा भरवशाची होते. आग विझवणाऱ्या जवानाला छत कोसळायच्या आधी ‘इथून निघा’ असं वाटतं, ते असं.

टॅरो वाचणाऱ्याला हे ‘चुकलं’ कोण सांगणार? अडचण इथे आहे. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझा’ म्हणून अहवाल दिला. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि तो भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. रे हायमन हे मानसशास्त्रज्ञ तरुणपणी हात पाहत असत. एका जाणत्याच्या सल्ल्यावरून त्यांनी मुद्दाम हस्तरेषा सांगतात त्याच्या उलट सांगून पाहिलं, तरी लोक तितकेच थक्क झाले. सुझन ब्लॅकमोर या ब्रिटिश संशोधिकेने स्वतः टॅरो वाचून प्रयोग केला. लोकांना अनेक रीडिंग्जमधून आपलं ओळखायचं होतं. आधी निकाल उत्साह वाढवणारा आला. पण सहभागी लोक एकमेकांना ओळखत होते. अनोळखी लोक घेतल्यावर तो निकाल विरून गेला. म्हणजे ग्राहकाची मान डोलणं हा पुरावा फार कच्चा आहे. वाचणारीला खरं काही शिकायचं असेल तर तिने समोरच्याचा चेहरा, थांबणं, आवाजातला बदल बारकाईने टिपायला हवा आणि मान डोलली तरी स्वतःवर शंका घ्यायला हवी. ही दोन कामं ध्यानात ठेवा, कारण दारू नेमकी त्यांच्याच आड येते.

आता पिण्याच्या बाजूने असलेला सगळ्यात भक्कम पुरावा. २०१२ मध्ये अँड्र्यू जारोश, ग्रेगरी कोलफ्लेश आणि जेनिफर वायली यांनी शिकागोत तरुण पुरुषांना व्होडका देऊन शब्दकोडी घातली. तीन शब्द द्यायचे आणि तिघांनाही जोडणारा चौथा शोधायचा. मराठीत उदाहरण करायचं तर पुरी, पट्टी, टंचाई. तर्काने एकेक शब्द ताडून पाहत बसलं की वेळ जातो, आणि मध्येच ‘पाणी’ असं एकदम सुचतं. रक्तातलं अल्कोहोल ०.०७५ टक्क्यांच्या आसपास असलेल्यांनी न प्यालेल्यांपेक्षा जास्त कोडी सोडवली, लवकर सोडवली, आणि उत्तर एकदम सुचलं असं ते अधिक वेळा म्हणाले. २०१७ मध्ये ऑस्ट्रियात ग्राझ विद्यापीठातल्या मथियास बेनेडेक यांनी बियर आणि बिनअल्कोहोलची बियर वापरून असाच प्रयोग केला. तिथे प्रमाण ०.०३ टक्के, म्हणजे आपल्याकडे गाडी चालवण्याची जी कायदेशीर मर्यादा आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, तेवढंच. तिथेही शब्दकोड्यांत फायदा दिसला.

हे निकाल मी हलक्यात घेत नाही. पत्त्यावरचा पूल, मागचं घर आणि समोरच्या माणसाचा प्रश्न यांना जोडणारा दुवा अचानक सुचणं हे टॅरो वाचण्यातलं मोठं सुख आहे, आणि थोड्या दारूने ते सोपं होत असेल तर ‘डोकं गप्प बसतं’ असं म्हणणारे पूर्ण चुकीचे नाहीत. पण त्या प्रयोगांतला उरलेला अर्धा निकाल कोणी सांगत नाही. जारोश यांच्या प्रयोगात कार्यस्मृती, म्हणजे चालू क्षणी चार गोष्टी एकत्र मनात धरण्याची ताकद, घटली. बेनेडेक यांच्या प्रयोगात लक्षावरचा ताबा घटला, आणि एकाच वस्तूचे अनेक वेगळे उपयोग सुचवणं यासारख्या मोकळ्या कल्पकतेत काही वाढ झाली नाही. शिवाय शब्दकोड्याला एकच बरोबर उत्तर असतं. ‘पाणी’ सुचलं की ते तिन्ही शब्दांना लागतं का हे दुसऱ्या क्षणी तपासता येतं, नशेतही. ‘तुझ्या नात्यात कोणीतरी काहीतरी लपवतंय’ हे सुचलं तर ते ताडून पाहायला तिथे काय आहे? प्रयोगशाळेत सुचण्याला जी बाहेरून चाळणी होती, ती टॅरोच्या टेबलावर नाही. तिथे चाळणी म्हणजे वाचणारीचं स्वतःचं भान.

त्या भानाचं काय होतं? मायकेल सायेट, एरिक रायकल आणि जोनाथन स्कूलर यांनी २००९ मध्ये लोकांना टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ वाचायला बसवलं. काहींना व्होडका दिली होती. मध्येमध्ये विचारायचं, लक्ष पुस्तकात आहे की भरकटलंय? प्यालेल्यांचं मन जास्त भरकटत होतं. पण ते भरकटलंय हे आपणहून त्यांच्या ध्यानात आलं नाही. मन भटकणं आणि भटकल्याचं न कळणं ही जोडी टॅरो वाचणाऱ्यासाठी घातक आहे. कारण आपल्याच आयुष्यातली जखम, कालचं भांडण, परवाची भीती मनात येते, आणि ती ‘पत्त्याने दाखवलेली’ वाटते.

दुसरा प्रयोग लोरां बेग आणि सहकाऱ्यांचा, फ्रान्समधला, २०१३ चा. एका पेयाची चव पाहायची म्हणून पुरुषांना बोलावलं. काहींना अल्कोहोल दिलं, काहींना नाही, आणि त्यांना काय दिलं म्हणून सांगितलं ते मुद्दाम उलटसुलट केलं. मग प्रत्येकाने एक जाहिरातवजा भाषण करून स्वतःला गुण द्यायचे. आपण अल्कोहोल प्यालो आहोत असा ज्यांचा समज होता, त्यांनी स्वतःला जास्त आकर्षक, जास्त वेगळं, जास्त विनोदी ठरवलं, प्रत्यक्ष पोटात काहीही गेलेलं असो. बाहेरच्या परीक्षकांना तसा फरक दिसला नाही. ‘घेतली की माझं रीडिंग खुलतं’ हा अनुभव प्रामाणिक असतो, यात मला शंका नाही. पण तो अनुभव रीडिंगबद्दल काही सांगत नाही, वाचणारीच्या समाधानाबद्दल सांगतो.

चेहरे वाचण्याचं काय? बाझेल विद्यापीठात ६० जणांना बियर किंवा बिनअल्कोहोलची बियर देऊन तपासलं, तेव्हा अल्कोहोल घेतलेल्यांना आनंदी चेहरे अधिक सहज ओळखता आले आणि सुखाच्या चित्रांबद्दल त्यांची सहभावना वाढली. पार्टीतली ऊब आपल्याला ठाऊक आहे, तिला इथे आकडे मिळाले. पण टॅरोसमोर बसणारा माणूस बहुधा आनंदी चेहरा घेऊन आलेला नसतो. त्याच्या चेहऱ्यावरची क्षणभराची अस्वस्थता दिसायला हवी, आणि ऊब वाढलेल्या वाचकाला समोर हसू दिसलं की तो तिथेच थांबतो.

या सगळ्याला एकत्र बांधणारी मांडणी क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० मध्ये केली. दारूने नजर आखूड होते, असं ते म्हणतात. जवळचं, ठळक, भडक ते दिसतं. मागचं, बारीक, पुढे परिणाम करणारं ते नजरेतून सुटतं.

हे एका पत्त्यावर पाहू. समजा, नोकरी सोडावी का असा प्रश्न घेऊन एक मुलगी बसली आहे आणि पाच पेल्यांचा पत्ता निघाला. काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा. त्याच्या पुढ्यात तीन पेले उपडे, सांडलेले. पाठीमागे दोन पेले नीट उभे. पलीकडे नदी, नदीवर पूल, पुलापार एक गढी. शुद्धीवर असलेली वाचणारी काही क्षण बोलत नाही. ती पाहते की मुलीची नजर सांडलेल्या पेल्यांवरून पुलाकडे गेली आणि तिथेच थांबली. ती विचारते, ‘काय दिसलं तुला?’ मुलगी म्हणते, ‘पलीकडे जायला रस्ता आहे, पण हा माणूस बघतच नाहीये.’ आता बोलणं तिच्या हातात आलं. कुठला रस्ता, कोण बघत नाही, केव्हापासून, असं ते पुढे जातं. वाचणारीच्या मनात आधी काही वेगळं आलेलं असेल तर ती ते बाजूला ठेवते.

दोन लार्ज पोटात असलेल्या वाचणारीला तोच पत्ता वेगळा दिसतो. सांडलेले पेले पुढे आहेत, ठळक आहेत, तेच डोळ्यांत भरतात. तिच्या मनात स्वतःचं तुटलेलं नातं येतं आणि ती ठामपणे म्हणते, ‘तू कोणाला तरी गमावलंयस. त्या दुःखातून तू नोकरी सोडतेयस.’ मुलगी थबकते आणि ‘हो’ म्हणते, कारण कधीच कोणाला गमावलेलं नाही असा माणूस कुठे मिळणार? वाचणारीला अंगावर काटा येतो. आपण किती अचूक सांगितलं! मुलीची नजर पुलावर गेली होती हे तिला दिसलंच नाही. उभे असलेले दोन पेलेही नाही. मुलगी घरी जाते ती नोकरीचा प्रश्न तसाच घेऊन, वर एक दुःख घेऊन, जे येताना तिच्याजवळ नव्हतं.

जुन्या जगाने या प्रश्नाचा विचार आपल्याहून खोलवर केला होता असं मला वाटतं. हेरोडोटस सांगतो की पर्शियन लोक महत्त्वाच्या गोष्टींची चर्चा पिऊन करत. दुसऱ्या दिवशी, ज्याच्या घरी बैठक झाली तो यजमान तोच निर्णय सगळे शुद्धीवर असताना पुन्हा पुढे ठेवी. तेव्हाही पटला तर राहिला, नाही तर सोडून दिला. शुद्धीत ठरवलेलं ते पिऊनही तपासत. टॅसिटस जर्मन टोळ्यांबद्दल असंच लिहितो. मेजवानीत मनं मोकळी होतात म्हणून चर्चा तिथे, निर्णय मात्र दुसऱ्या दिवशी. दोन्हींकडे दारूला जागा आहे, पण शेवटचा शब्द तिचा नाही.

प्लेटोने ‘तिमायस’मध्ये याचा पाया घातला. देवाची प्रेरणा झोपेत, आजारात, वेडात उतरू शकते, असं तो मानतो. पण तिचा अर्थ लावायचं काम ज्याचं डोकं ठिकाणावर आहे त्याने करायचं. टॅरोत हे दोन्ही एकाच माणसाने एकाच वेळी करायचं असतं. सुचणंही त्याचं, अर्थ लावणंही त्याचं. म्हणून एकासाठी घेतलेली दारू दुसऱ्यालाही लागते.

डेल्फीचं उदाहरण पिणाऱ्यांच्या बाजूने नेहमी दिलं जातं, की पिथिया ही अपोलो देवाची वाणी बोलणारी स्त्री धुंदीतच बोलत असे. जमिनीतून येणाऱ्या वायूची गोष्ट प्लुटार्कने लिहिली आहे. तो तिथला पुजारीच होता. २००१ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांनी तिथे इथिलीनचा अंश सापडल्याचं मांडलं आणि नंतर त्यावर हरकतीही आल्या. पण ही धुंदी वाइनची नव्हती. उलट हिवाळ्यात अपोलो तिथून निघून जातो आणि देवस्थान वाइनच्या देवाकडे, डायोनिससकडे असतं, अशी तिथली श्रद्धा होती, आणि त्या महिन्यांत प्रश्नोत्तरं बंद असत. दुसरी बाजूही आहे. पाचव्या शतकातला लेखक मॅक्रोबियस थ्रेसमधल्या एका देवस्थानाबद्दल सांगतो की तिथले भविष्यवक्ते भरपूर वाइन घेऊनच बोलत, तर क्लारोसच्या देवस्थानातले पाणी पिऊन. तेव्हाही दोन तट होतेच. ज्यू परंपरेत मात्र गोंधळ नाही. लेवीय ग्रंथात पुरोहितांना मंडपात शिरताना मद्य घ्यायला मनाई आहे आणि कारण दिलंय ते पवित्र-अपवित्र यांत भेद करता यावा हे. आपल्याकडे शतपथ ब्राह्मणाने सोम आणि सुरा यांना समोरासमोर ठेवून सोमाला सत्याच्या बाजूला आणि सुरेला असत्याच्या बाजूला बसवलं.

कोकण-गोव्यातला कौल मला या चर्चेत फार महत्त्वाचा वाटतो. गुरव देवाच्या मूर्तीला किंवा पाषाणाला ठरलेल्या जागी ओल्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदूळ लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार, असं आधीच सगळ्यांसमोर बोलून ठेवतो. राखणदाराला दारूचा नैवेद्य देणारी गावं आहेत. पालघरकडच्या वारली भगताच्या विधीतही ताडी-दारूला मान आहे. पण कौलात पाकळी पडल्यावर अर्थ लावायला फारशी मोकळीक उरत नाही. अर्थ आधी ठरलेला, प्रश्न आधी ठरलेला, पाहणारं गाव भोवती. कोणी थोडी घेतलेली असली तरी उजवी पाकळी डावी होत नाही. टॅरोत याच्या नेमकं उलट आहे. पत्ता पडल्यावरच सगळं काम सुरू होतं, एकाच पत्त्याचे वीस अर्थ निघतात, आणि साक्षीला बहुधा तिसरं कोणी नसतं. जितकी मोकळीक जास्त, तितकी वाचणाऱ्याच्या शुद्धीची गरज जास्त. जुन्या विधींमधल्या दारूचा दाखला देऊन टॅरोच्या टेबलावरच्या ग्लासचं समर्थन करणाऱ्यांनी हा फरक पाहिलेला नसतो.

व्यवहाराच्या काही गोष्टी पटकन सांगतो. तीस मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि तेवढं बाहेर टाकायला शरीराला साधारण तासभर लागतो. म्हणजे रात्री दोन लार्ज घेतले तर चार-पाच तास गेले. वाइनच्या एका मोठ्या ग्लासने, पोट रिकामं असेल तर, सडपातळ बाई ०.०३ टक्क्यांच्या पुढे सहज जाते. ‘मी फक्त एकच घेते’ यात तेवढी सुरक्षितता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचं रीडिंगही शंकेच्या बाहेर नसतं. बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १९ अभ्यास आणि हजाराहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा रक्तातलं अल्कोहोल जवळपास शून्यावर आल्यानंतरही हँगओव्हरमध्ये लक्ष आणि स्मरण कमी पडत असल्याचं दिसलं. स्वप्नांवर काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. दारू झोप लवकर आणते, पण रात्रीच्या पूर्वार्धातली स्वप्नांची झोप दाबते.

नोंदवहीचाही प्रश्न आहे. मन लावून शिकणारे टॅरो वाचक प्रत्येक रीडिंग लिहून ठेवतात आणि महिन्यांनी परत पाहतात. १९६९ मध्ये डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांवर दाखवलं की पिऊन शिकलेलं पुन्हा प्यालेलं असताना जास्त आठवतं आणि शुद्धीत कमी. म्हणजे नशेतलं रीडिंग सकाळी पारखायचं ठरवलं तरी त्यातलं बरंच हाताला लागत नाही. राहते ती फक्त ‘कमाल झालं’ ही भावना.

मला सगळ्यात काळजी वाटते ती एकट्याने वाचणाऱ्यांची. संध्याकाळी मेणबत्ती, डेक आणि एक ग्लास, असा विधी बसतो. विधी बसला की पत्त्यांची आठवण आली तरी ग्लास आठवतो, आणि ग्लास दिसला की पत्ते. महिना-दोन महिन्यांत ‘घेतल्याशिवाय काही येत नाही’ असं वाटू लागतं, आणि मग ग्लास अंतःप्रेरणेच्या नावाने भरला जातो. आयोवाच्या त्याच गठ्ठ्यांच्या प्रयोगाकडे इथे पुन्हा जावं लागतं. बेशारा यांनी २००१ मध्ये दारूच्या व्यसनात असलेल्यांना ते गठ्ठे दिले, तेव्हा त्यांतले बरेच जण तोट्याच्या गठ्ठ्यांतूनच पुन्हा पुन्हा उचलत राहिले. ज्या सूचनेने हात मागे यायला हवा होता, ती त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती किंवा पोचूनही चालत नव्हती. आतला आवाज ऐकायला म्हणून जी गोष्ट हातात घेतली, ती बेताबाहेर गेली की तोच आवाज बंद करते.

याचा अर्थ तहान खोटी असते असं नाही. विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये गूढ अनुभवांवर लिहिताना दारूच्या ओढीमागेही माणसाची तीच मोठी ओढ असते असं मानलं होतं. कार्ल युंग यांनी १९६१ मध्ये अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचे बिल विल्सन यांना लिहिलेल्या पत्रात, दारूची तहान ही पूर्णत्वाच्या तहानेचंच एक खालचं रूप आहे, असं म्हटलं. टॅरोकडे येणाऱ्यांतही हीच ओढ मोठी असते. कोणाशी तरी मनातलं बोलावं, कोणीतरी आपल्याला नीट पाहावं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाइतकंच साताऱ्याच्या ‘परिवर्तन’मधून व्यसनमुक्तीचं कामही केलं. दोन्ही कामांत समोर येतो तो माणूस मला एकच वाटतो, निर्णयाचं ओझं उतरवायला जागा शोधणारा.

म्हणून पिऊन आलेल्या ग्राहकाचा मुद्दा वाचणाऱ्याच्या पिण्याइतकाच मोठा आहे. पार्टीत नोकरी, लग्न, आईचं ऑपरेशन असे प्रश्न हसतहसत विचारले जातात, आणि पाठीत तलवारी खुपसलेल्या माणसाचा ‘दहा तलवारी’ पत्ता निघाला की हसणारा माणूस क्षणात रडायला लागतो. त्या अवस्थेत त्याला मिळालेलं वाक्य आखूड नजरेमुळे फार मोठं होऊन बसतं. बरे वाचक अशा वेळी डेक गुंडाळतात, पैसे घेतले असतील तर परत देतात आणि दिवसाची वेळ देतात. पार्टीत बसायचंच असेल तर रंग, गंमत, पुढचा महिना असे हलके प्रश्न घेतात आणि स्वतः सोडा घेतात. आणि ‘माझी दारू सुटेल का’ हाच प्रश्न कोणी टेबलावर ठेवला, तर पत्ता काढायची ती वेळ नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रभर होतात, आणि सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतूनही उपलब्ध आहे. माणूस समोर बसला असतानाच तो क्रमांक लावून द्यावा.